पेशवेकालीन वाड्यांतील गृहसजावट : माजघराच्या संदर्भात एक अभ्यास

पेशवेकालीन वाड्यांचा अभ्यास मुख्यत्वे दिंडीदरवाजे, दिवाणखाने आणि भित्तिचित्रे यांभोवती फिरत राहिला आहे. ज्या भागात कुटुंबाचा सारा दिवस जात असे, त्या ओसरी, माजघर व स्वयंपाकघराची सजावट मात्र दुर्लक्षित राहिली. वास्तूला घरपण देणारे घटक प्रामुख्याने तेथेच होते, या दृष्टीने प्रस्तुत निबंधात त्यांचा विचार केला आहे.

दिवाणखान्याविषयीची साधने तुलनेने मुबलक आहेत. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. १८२८ च्या आगीत त्याचा लाकडी अंतर्भाग नष्ट झाला. तरी तेथील १७९० च्या दरबाराचे, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले चित्र उपलब्ध आहे. पुण्यातील नाना वाड्यात सुरूच्या आकाराचे खांब व केळफुलाची नक्षी आढळते. मेणवलीच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. ही सजावट पाहुण्याच्या डोळ्यांसाठी होती.

माजघराचे तसे नव्हते. वाड्याची लांबी-रुंदी खणांत, म्हणजे दोन खांबांमधील अंतरात मोजली जाई. एकाच खणात सकाळी निवडणे-टिपणे, दुपारी पंगत आणि रात्री अंथरुणे होत असल्याने जड सामान ठेवण्याची सोयच नव्हती. पाट, चौरंग, जाजम, लोड-तक्के हे सारे उचलून ठेवता येण्याजोगे. कायम राहणाऱ्या वस्तू भिंतीतच सामावलेल्या असत : कोनाडे, दिवळ्या, फडताळे, खुंट्या, धान्याचे बळद. जाड भिंतींमुळे कोनाड्याला आपोआप खोली लाभे आणि त्यातील दिव्याला वारा लागत नसे. वर कडीपाट, खाली शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात भांड्यांची उतरंड आणि कडीपाटाच्या कड्यांना टांगलेला झोपाळा. या मंद उजेडाच्या दालनात पितळेची समई किंवा लामणदिवा ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. तिच्याभोवतीच माणसे बसत.

आधुनिक गृहसजावटीत घराचे व्यक्तिमत्त्व म्हणजे मालकाची आवड, असे मानले जाते. वाड्याच्या बाबतीत हा निकष अपुरा ठरतो. तेथील वेगळेपण निवडीतून नव्हे, वापरातून येई : हात लागून गुळगुळीत झालेला खांब, काजळीने काळवंडलेली दिवळी, एखाद्या घराण्याची रांगोळीची ठरलेली रीत. अर्थात ही ऊब सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. सारवण, रांगोळी, दिवाबत्ती हे स्त्रियांचे व नोकरवर्गाचे श्रम होते; आणि सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांनी त्याच घरातील काही माणसांना माजघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते. वाडासंस्कृतीच्या गौरवपर लेखनात हा भाग सहसा गाळला जातो, हे नमूद करणे आवश्यक आहे.

विसाव्या शतकात या व्यवस्थेला उतरती कळा लागली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि दुरुस्ती मालकांना परवडेनाशी झाली. १२ जुलै १९६१ च्या पानशेत प्रलयात नदीकाठचे अनेक वाडे कोसळले. पुढे अनेक वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. याच शतकात दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तू जिद्दीने जमवल्या व १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्यामुळे वस्तू वाचल्या, यात शंका नाही. पण काचेच्या कपाटातील दिव्याला दिवळी नसते.

विश्रामबागवाड्यासारख्या मोजक्या वास्तूंचे जतन झाले आहे. खाजगी वाड्यांचे मात्र पाडण्यापूर्वी नकाशे काढले गेले तरी ते भिंती आणि खांब नोंदवून थांबतात. कोणत्या कोनाड्यात काय ठेवत, झोपाळा कोणत्या खणात असे, बाळंतिणीची खोली कोणती, हे तेथे राहिलेल्यांनाच सांगता येते, आणि वाड्यात संसार केलेल्या पिढीतील बहुतेकांनी आज सत्तरी ओलांडली आहे.