हृद्‌रोहिणी पुनःसंकोच

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या रोहिणीचा अरुंद झालेला भाग फुगा किंवा स्टेंट वापरून रुंद केल्यानंतर तोच भाग काही काळाने पुन्हा अरुंद होणे, यास हृद्‌रोहिणी पुनःसंकोच असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात त्यासाठी ‘रिस्टेनोसिस’ ही संज्ञा रूढ असून बोलण्यात ‘स्टेंट पुन्हा ब्लॉक झाला’ असे म्हटले जाते. रोहिणीतील जुनी चरबी परत साचल्यामुळे असे घडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षभरातील पुनःसंकोच हा मुख्यतः जखम भरून येण्याच्या नैसर्गिक क्रियेचा अतिरेक असतो. अँजिओप्लास्टीच्या इतिहासातील बहुतेक सुधारणा ही क्रिया आवरण्यासाठीच झाल्या आहेत.

व्याख्या व कालावधी

उपचारानंतर पुन्हा केलेल्या अँजिओग्राफीत त्याच जागी रोहिणीचा व्यास ५० टक्के किंवा त्याहून अधिक कमी झालेला आढळल्यास त्यास पुनःसंकोच मानतात. मात्र अँजिओग्राफीत अरुंदपणा दिसणाऱ्या प्रत्येक रुग्णाला त्रास होतोच असे नाही. त्यामुळे त्याच जागी पुन्हा उपचार करण्याची वेळ किती रुग्णांवर आली, हा निकष व्यवहारात अधिक उपयोगी ठरतो.

केवळ फुगा किंवा साधा धातूचा स्टेंट वापरलेल्या रुग्णांत पुनःसंकोच बहुधा तीन ते सहा महिन्यांत दिसू लागतो. औषधलेपित स्टेंटमध्ये त्याचे प्रमाण बरेच कमी असते. मात्र तो वर्ष उलटल्यावरही उद्भवू शकतो. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना नोव्हेंबर २००० मध्ये स्टेंट बसवण्यात आला आणि मार्च २००१ मध्ये त्याच जागी फुग्याने पुन्हा उपचार करावा लागला. साध्या स्टेंटच्या काळातील पुनःसंकोचाचे हे सर्वज्ञात उदाहरण होय.

कारणे

रोहिणीच्या भिंतीत तीन थर असतात. सर्वांत आतल्या थराला चपट्या पेशींचे गुळगुळीत अस्तर असते व त्यामुळे वाहते रक्त गोठत नाही. मधल्या थरात अरेखित स्नायूंच्या पेशी असतात, तर बाहेरचा थर संयोजी ऊतींचा असतो. फुगा फुगवताना चरबीचा कडक थर तडकतो, अस्तर खरवडले जाते आणि मधला थर ताणला जातो. म्हणजेच रोहिणी रुंद करण्याची क्रिया हीच एक जखम असते. त्यानंतर पुढील घटना घडू शकतात.

१. प्रत्याकुंचन : ताणलेली रोहिणी रबराप्रमाणे काही अंशी मूळ आकाराकडे परतते. ही क्रिया काही मिनिटांत किंवा तासांत घडते.

२. भिंतीचे आक्रसणे : पुढील आठवड्यांत व महिन्यांत बाहेरच्या थरात तंतुमय ऊती तयार होतात. त्वचेवरील मोठी जखम वण पडताना आक्रसते, त्याप्रमाणे संपूर्ण रोहिणी आतल्या बाजूस ओढली जाते.

३. नव-अंतःस्तराची वाढ : जखमेच्या जागी रक्तपट्टिका अर्थात प्लेटलेट व पांढऱ्या रक्तपेशी जमतात आणि वाढीला चालना देणारे पदार्थ सोडतात. त्यांच्या प्रभावाने मधल्या थरातील अरेखित स्नायूंच्या पेशी विभाजित होऊन आतल्या बाजूस सरकतात व आपल्याभोवती तंतुमय द्रव्य तयार करतात. या नव्या थरामुळे रक्ताची वाट अरुंद होते.

४. नव्या थरातील मेदविकार : काही वर्षांनंतर या नव्या थरातही चरबी साचू शकते. या प्रकाराचा मूळ विकाराशी निकटचा संबंध असून रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले असल्यास त्यास पोषक परिस्थिती मिळते.

धातूचा स्टेंट रोहिणीला आतून आधार देत असल्यामुळे पहिल्या दोन क्रिया बहुतांशी रोखल्या जातात. परंतु तो कायमची परकीय वस्तू म्हणून भिंतीत रुतून राहतो, त्यामुळे तिसऱ्या क्रियेला उलट चालना मिळते. हृद्‌रोहिणीचा व्यास साधारणपणे २ ते ४ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सर्व बाजूंनी केवळ अर्धा मिलिमीटर जाडीचा थर वाढला, तर व्यास २ मिलिमीटर उरतो आणि रक्त जाण्यास मोकळे असलेले क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते. यावरून इतका पातळ थरही महत्त्वाचा का ठरतो, हे लक्षात येते.

जोखीम वाढवणारे घटक

मधुमेह हा रुग्णाशी संबंधित सर्वांत ठळक घटक होय. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार आणि पूर्वी झालेला पुनःसंकोच यांमुळेही शक्यता वाढते. रोहिणी लहान व्यासाची असणे, अरुंद भाग लांब असणे, तो रोहिणीच्या मुखाशी किंवा फाट्यावर असणे आणि तेथे कॅल्शियमचा कठीण थर असणे, हे रोहिणीशी संबंधित घटक आहेत. स्टेंट पुरेसा न उघडणे, लहान मापाचा स्टेंट बसवला जाणे, त्याच्या जाळीची तार तुटणे किंवा आजारी भागाचा काही अंश स्टेंटबाहेर राहणे, ही तांत्रिक कारणे होत. यांतील बरीचशी कारणे उपचारावेळीच रोहिणीच्या आतून प्रतिमा घेऊन टाळता येतात.

स्टेंटमधील गुठळी आणि पुनःसंकोच

या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. पुनःसंकोच हा ऊतींच्या वाढीमुळे हळूहळू होतो आणि बहुधा श्रमाच्या वेळी छातीत दुखू लागल्याने लक्षात येतो. गुठळी मात्र रक्त गोठून अचानक तयार होते. तिच्यामुळे रोहिणी काही मिनिटांत पूर्ण बंद होऊन हृदयविकाराचा तीव्र झटका येतो व मृत्यूचा धोका मोठा असतो. गुठळ्या मुख्यतः पहिल्या महिन्यात होतात. परंतु गोळ्या मध्येच बंद केल्यास हा धोका नंतरही संभवतो.

ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधे गुठळी टाळण्यासाठी दिली जातात. ऊतींची वाढ त्यांनी फारशी थांबत नाही. स्टेंटवरील औषध ऊतींची वाढ रोखते, पण त्याच कारणाने स्टेंटच्या तारांवर नवे अस्तर येण्यासही विलंब लागतो आणि उघड्या तारांवर रक्त गोठू शकते. म्हणून औषधलेपित स्टेंट बसवलेल्या रुग्णाला दोन्ही गोळ्या अधिक काळ घ्याव्या लागतात. स्थिर विकारात हा काळ सामान्यतः सहा महिने, तर झटक्यानंतर सुमारे एक वर्ष असतो. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर तो कमी-अधिक करतात. त्यानंतर बहुधा एक गोळी कायम चालू राहते. दात काढणे किंवा अन्य शस्त्रक्रिया यांसाठी या गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे असते.

इतिहास

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे अँड्रियास ग्रुन्ट्सिग यांनी जागृत रुग्णावर पहिली हृद्‌रोहिणी अँजिओप्लास्टी केली. त्या रुग्णाची रोहिणी दहा वर्षांनंतरच्या तपासणीतही उघडी आढळली. सर्वच रुग्ण मात्र इतके सुदैवी नव्हते. केवळ फुग्याच्या उपचारानंतर सुमारे ३० ते ४० टक्के रुग्णांत सहा महिन्यांच्या आत पुनःसंकोच होत असे.

१९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे झाक पुएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिक सिगवार्ट यांनी मानवी हृद्‌रोहिणीत प्रथम स्टेंट बसवले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या बेनेस्टेंट या चाचणीत पुनःसंकोचाचे प्रमाण फुग्याच्या गटात ३२ टक्के, तर स्टेंटच्या गटात २२ टक्के आढळले. प्रमाण घटले, पण प्रश्न सुटला नाही. भारतात १९९० च्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम व हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी हैदराबाद येथे कमी खर्चाचा ‘कलाम-राजू स्टेंट’ विकसित केला. तोही धातूचाच होता.

पुढचा टप्पा औषधलेपित स्टेंटचा होय. त्यावर प्रथम वापरले गेलेले सिरोलिमस हे औषध ईस्टर बेटावरील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल यांनी कॅनडात त्याच्या संशोधनाचे नेतृत्व केले. हे औषध पेशींचे विभाजन थोपवते. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे एदुआर्दो सौझा यांनी असे स्टेंट प्रथम बसवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल चाचणीत सहा महिन्यांनंतर साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांत पुनःसंकोच आढळला. औषधलेपित गटात तो एकाही रुग्णात आढळला नाही. नंतरच्या व्यापक वापरात हे प्रमाण शून्य राहिले नाही. तरी ते सामान्यतः दहा टक्क्यांच्या आत आले. २००६ च्या सुमारास उशिरा होणाऱ्या गुठळ्यांची चिंता पुढे आली व त्यानंतर अधिक पातळ तारांचे, सुधारित लेपाचे स्टेंट प्रचारात आले.

लक्षणे व निदान

चालताना, चढ चढताना किंवा जेवणानंतर छातीत दडपण येणे, दम लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, ही लक्षणे पुन्हा सुरू होणे हा महत्त्वाचा संकेत असतो. मधुमेही रुग्णांत वेदना अस्पष्ट असू शकते व केवळ थकवा किंवा धाप जाणवते. काही रुग्णांत पुनःसंकोच थेट झटक्याच्या रूपानेही प्रकट होतो. विश्रांतीतील ईसीजी सामान्य असला म्हणून पुनःसंकोच नाही असे ठरत नाही. गरजेनुसार श्रम-चाचणी, सीटी अँजिओग्राफी किंवा नेहमीची अँजिओग्राफी करतात. स्टेंटमध्ये नेमके काय झाले आहे, हे रोहिणीच्या आतून घेतलेल्या श्राव्यातीत ध्वनीच्या किंवा प्रकाशकिरणांच्या साहाय्याने मिळालेल्या प्रतिमांवरून समजते.

उपचार

प्रथम मूळ कारण शोधले जाते. स्टेंट पुरेसा उघडलेला नसल्यास उच्च दाबाच्या फुग्याने तो उघडतात. ऊतींची वाढ झाली असल्यास औषधलेपित फुगा किंवा नवा औषधलेपित स्टेंट वापरतात. अशा फुग्याच्या उपयोगाचा पहिला चाचणीपर पुरावा २००६ साली जर्मनीतून प्रसिद्ध झाला. या फुग्यामुळे धातूचा आणखी एक थर न घालता भिंतीला औषध देता येते. वारंवार पुनःसंकोच होत असल्यास किंवा अनेक रोहिण्या बाधित असल्यास बायपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. साखर व रक्तदाब यांवरील नियंत्रण, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या, तंबाखूचा त्याग आणि नियमित चालणे यांमुळे इतर रोहिण्यांचेही रक्षण होते. एक अडथळा दूर झाला, तरी मूळ विकार संपलेला नसतो.

महाराष्ट्र व सिंधुदुर्ग

पुनःसंकोच टाळणारा स्टेंट दीर्घकाळ महाग होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने करांव्यतिरिक्त कमाल किंमत साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये व औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये अशी ठरवली. त्यापूर्वी औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णाला अनेकदा लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत. महाराष्ट्रात २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. तीत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात प्रश्न खर्चाइतकाच अंतराचा आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवरील रुग्ण हृदयोपचारासाठी परंपरेने गोव्यातील बांबोळी, घाटापलीकडील कोल्हापूर व बेळगाव किंवा मुंबई येथे जात आले आहेत. जानेवारी २०१८ पासून बांबोळी येथील शासकीय रुग्णालयात गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिण भागात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यानंतरही अनेकांचा उपचार एका गावी आणि पुढील देखरेख दुसऱ्या गावी अशी स्थिती राहते. मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेल्या चाकरमान्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते.

अशा रुग्णाच्या दृष्टीने उपचाराची कागदपत्रे हा उपचाराचाच भाग ठरतो. स्टेंटचा प्रकार, व्यास, लांबी, तो कोणत्या रोहिणीत व केव्हा बसवला याची नोंद असलेले कार्ड, रुग्णालयातून घरी पाठवताना दिलेला सारांश, अँजिओग्राफीची चित्रफीत आणि चालू गोळ्यांची यादी जवळ असल्यास नव्या डॉक्टरांना पुनःसंकोचाचा विचार लवकर करता येतो. पूर्वीसारखी कळ श्रमाच्या वेळी पुन्हा जाणवू लागल्यास पुढील ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. विश्रांतीतही न थांबणारी वेदना, घाम व अस्वस्थता ही तातडीची स्थिती होय. अशा वेळी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलावून जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घेणे, हे दूरच्या शहराकडे खासगी वाहनाने थेट निघण्यापेक्षा अधिक सुरक्षित असते.

हेसुद्धा पाहा

• हृदय
• रोहिणीकाठिण्य
• अँजिओप्लास्टी
• बायपास शस्त्रक्रिया
• मधुमेह