आस्कोव्हची वायूची टाकी

हरित हायड्रोजन ही आपल्याच शतकाची कमाई आहे, अशी जी समजूत हल्ली सरकारी जाहीरनाम्यांतून रूढ होऊ लागली आहे, तिला डेन्मार्कमधील आस्कोव्ह या खेड्याचा इतिहास सरळ छेद देतो. त्या देशात ना कोळशाच्या खाणी, ना मोठे धबधबे. वारा मात्र उदंड. तेथील लोकविद्यालयातील अध्यापक पाउल ला कूर या मूळच्या हवामानशास्त्रज्ञाने 1891 मध्ये सरकारदरबारी अनुदान मंजूर करवून घेऊन पवनचक्की उभारली, आणि वारा पडताच दिवे विझू नयेत म्हणून चक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन करून निघणारा हायड्रोजन वायूच टाकीत साठवून ठेवण्याची तजवीज केली. 1895 पासून सुमारे सात वर्षे विद्यालयातील दिवे या वायूवर जळत होते.

यात खरे कौतुक चक्कीपेक्षा टाकीचे. तिची धारणशक्ती 12 घनमीटर. नेहमीच्या हवादाबाला हायड्रोजन इतका विरळ असतो, की एवढ्या प्रशस्त टाकीत तो वजनाने जेमतेम किलोभर मावावा आणि जाळला असता त्यातून सुमारे 36 युनिट ऊर्जा मिळावी. शिवाय हायड्रोजनमध्ये थोडा प्राणवायू मिसळला, की स्फोटाचा धोका. विद्यालयाच्या खिडक्यांच्या काचा त्यापायी फुटल्या त्या एकदाच नव्हे. अखेर 1902 च्या सुमारास ला कूरने शिशाच्या विद्युत्‌संचायकांचा आश्रय घेतला. त्याला पराभव म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्याच खटपटीने पुढे डेन्मार्कच्या खेड्यापाड्यांत वीज पोचली.

वाऱ्याच्या जागी सूर्य आला तो फार उशिरा. बव्हेरियातील नॉइनबुर्ग येथे 1986 पासून उभ्या राहिलेल्या प्रकल्पात सौरपट्टांच्या विजेने हायड्रोजन काढण्याचे प्रयोग झाले. 1999 मध्ये ते काम आटोपले. आपल्याकडे आसामातील जोरहाट येथे एप्रिल 2022 मध्ये सौर विजेवरील प्रायोगिक संयंत्र सुरू झाले. त्याची क्षमता दिवसाला 10 किलो, म्हणजे आस्कोव्हच्या हिशेबाने नऊ टाक्या. आता हा वायू शेकडो पट दाबून पोलादी नळकांड्यांत भरता येतो किंवा उणे 253 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात ठेवता येतो. पण दोन्हींची किंमत पुन्हा विजेतच मोजावी लागते. तेव्हा नव्या योजनेची जाहिरात वाचताना वाचकांनी सौरपट्टांच्या एकरांआधी साठवणुकीच्या खर्चाची चौकशी करावी.