नवे पिस्तूल उघडताना अडते कुठे?

अर्धस्वयंचलित पिस्तूल नवे असले की साफसफाईसाठी उघडताना ते पुष्कळदा अडून बसते. दोष उघडणाऱ्याच्या हाताचा की यंत्राचा? उत्तरासाठी जॉन ब्राउनिंग या अमेरिकन रचनाकाराच्या कामाकडे पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ. गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि तिच्यावरचे सरकते आवरण, म्हणजे स्लाइड, एकमेकांत गुंतलेली असतात. थोडे अंतर ती जोडीने मागे जातात. मग नळी खाली उतरून सुटी होते, आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर टाकते. स्प्रिंग तिला पुन्हा पुढे आणते. म्हणजे झाडताना जे पक्के राहायला हवे, तेच साफसफाईच्या वेळी सहज सुटायला हवे. रचनाकारापुढचा खरा पेच हाच.

ब्राउनिंग यांच्या १९०० आणि १९०५ च्या कोल्ट पिस्तुलांत पुढच्या बाजूला आडवी पाचर असे. ती काढली की स्लाइड मागच्या बाजूने निघे. उघडायला हे सोपे होते. पण पाचर तुटली किंवा बसवायची राहिली, तर झाडताना स्लाइड थेट चेहऱ्यावर येण्याचा धोका होता. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या पिस्तुलात ब्राउनिंग यांनी दिशाच बदलली. आता स्लाइड पुढच्या बाजूने निघू लागली.

धोका टळला, पण उघडण्याच्या पायऱ्या वाढल्या. नळीच्या तोंडाशी असलेले कडे फिरवावे लागते. त्याखालची टोपी दाबलेल्या स्प्रिंगवर बसलेली असते, म्हणून ती बोटाने धरून ठेवावी लागते. मग स्लाइड मागे ओढून तिच्या कडेची लहान खाच आडव्या खिळीच्या बरोबर समोर आणायची. तेव्हाच खिळी निघते. नवे पिस्तूल अडते ते बहुधा याच दोन जागी. कडे जितके घट्ट, तितका नेम चांगला; पण तितकेच ते फिरायला कठीण. खाच जरा मागेपुढे राहिली, तर जोर लावून फक्त ओरखडा उमटतो.

मग सारे सैल का ठेवू नये? दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल निरनिराळ्या कारखान्यांत बनले. शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीनेही ५०० नग केले. सैन्याला एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात बसायला हवा होता, आणि चिखलातही पिस्तूल चालायला हवे होते. त्यासाठी थोडा सैलपणा ठेवावा लागतो आणि त्या प्रमाणात नेम ढळतो. घट्ट आणि सैल यांतली ही तडजोड टळत नाही.

१९२६ मध्ये ब्राउनिंग यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे काम बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह यांनी पुढे नेले आणि १९३५ चे पिस्तूल तयार झाले. त्यात फिरवायचे कडे उरले नाही. शिवाय स्लाइड मागे ओढून सुरक्षा-कळीने तिथेच अडकवता येते, त्यामुळे खिळी काढायला हात मोकळा राहतो. भारतात ईशापूरच्या रायफल कारखान्यात याच जातीचे पिस्तूल बनले.

तेव्हा दोष हाताचाही नाही आणि यंत्राचाही नाही. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. पिस्तुलाच्या बाबतीत पहिली पायरी कोणीही गाळू नये: मॅगझिन काढायचे आणि नळीत काडतूस उरले नाही याची डोळ्यांनी खात्री करायची. पुढचे सारे प्रश्न कोणत्याही यंत्राला लागू पडतात. कोणता भाग कोणाला धरून आहे? कोणती स्प्रिंग दाबलेली आहे? ती सुटली तर कोणत्या दिशेने जाईल? वर्गात साधे बॉलपेन उघडण्यापूर्वी मुलांना या तीन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगावीत, आणि मगच पेन उघडू द्यावे.