पंप बांधणारे उस्ताद

इस्लामी जगातल्या विज्ञानावर आपल्याकडे भाषण असलं की अल-जझरीचं नाव येतंच. 1206 साली, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकरमध्ये, अर्तुकी राजांच्या पदरी असताना त्याने यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यातलं हत्तीचं घड्याळ आणि दोन सिलिंडरचा पाणी उपसणारा पंप यांची चित्रं आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भिंतीवर लागतात. मीही मुलांकडून काढून घेतो. पण एक गोष्ट भाषणांत सहसा राहून जाते. अल-जझरी स्वतः कारागीर होता. यंत्र हाताने घडवायचं, चालवून पाहायचं आणि मग दुसऱ्या कारागिराला ते बनवता यावं अशा बेताने लिहायचं, ही त्याची पद्धत.

मला आज लिहायचंय ते दुसऱ्या एका पंपाबद्दल. तो जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनाला बाजूला बसवलेला असतो, हातभर लांब, डोक्यावर सहा नळ्या. मालेगावात राहणाऱ्याला मुंबई-आग्रा रोड काही नवीन नाही. या रस्त्याच्या कडेच्या गॅरेजांत इंजिनवाला, गिअरवाला, कमानवाला, बॅटरीवाला असे सगळे असतात. पंपवाला मात्र त्यांच्यात बसत नाही. त्याची खोली वेगळी, दार लावलेलं, फरशी पुसलेली. धूळ आत येऊ नये म्हणून चप्पल बाहेर. लहानपणी आम्हाला वाटायचं, आत कोणी नमाज पढतंय.

या पंपाचा इतिहास जर्मनीत सुरू होतो. रुडॉल्फ डिझेलला त्याच्या इंजिनाचं पेटंट 1893 साली मिळालं आणि नीट चालणारं इंजिन ऑग्सबर्गला 1897 साली उभं राहिलं. त्या इंजिनात ठिणगी नव्हती. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी आणि त्या हवेत तेल सोडलं की ते आपोआप पेटावं. अडचण तेल सोडण्यातच होती. दाबलेल्या हवेत तेल घुसवायचं तर त्याहून जास्त दाबाची हवा लागे, आणि त्यासाठी शेजारी कॉम्प्रेसर. हे सगळं लटांबर कारखान्यात चाललं, जहाजात चाललं, ट्रकमध्ये कुठे बसवणार? डिझेल 1913 साली जहाजातून इंग्लंडला जाताना समुद्रात नाहीसा झाला. रस्त्यावर धावणारा डिझेल ट्रक त्याने पाहिलाच नाही.

हवेऐवजी नुसत्या तेलालाच दाब देणारा छोटा पंप मोठ्या संख्येने बनवायचं काम श्टुटगार्टच्या बॉश कंपनीने 1922 च्या अखेरीस हाती घेतलं आणि 1927 मध्ये तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. पाच वर्षं लागली, कारण काम लोखंडाचं असलं तरी नजाकत घड्याळजीची होती.

आपल्याकडे त्या काळात ट्रक पेट्रोलचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या विल्हेवाटीतून निघालेल्या फोर्ड-शेव्हरोलेट गाड्यांवर आमच्या भागातले पहिले मिस्त्री शिकले. मग कोणी पेट्रोलचं इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवू लागलं, ते मद्रासला सिम्प्सन बनवत असे. 1954 साली टाटांच्या टेल्कोने डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, पुढे जाळीवर तीन टोकांचा तारा. हा करार 1969 मध्ये संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचं चिन्ह आलं, तरी आमच्याकडचे म्हातारे ड्रायव्हर पुढेही त्या गाडीला मर्सिडीजच म्हणत. पंपासाठी बॉशच्याच भागीदारीत बंगळुरूला 1951 साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली होती. तिचं छोटं नाव मायको. पुढे तिचा एक कारखाना नाशिकला सातपूरला आला आणि तिथून नोझल निघू लागले. 2008 साली कंपनीने बॉश हे नाव घेतलं, पण नाशिकचा रिक्षावाला आजही मायको सर्कललाच सोडतो.

जर्मन गाडीबरोबर मिलिमीटर आले. विलायती गाड्यांवर शिकलेल्या मिस्त्रीकडे इंचाचे पाने होते. तो ‘चार सूत’, ‘पाच सूत’ असं मागायचा. आता ‘तेराचा दे, सतराचा दे’ सुरू झालं. एकाच पेटीत दोन भाषांचे पाने.

आता पंप ‘बांधणं’ म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. पंपाच्या आत प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या आणि त्याची नळी असते. दोन्ही मिळून एक ‘एलिमेंट’. दट्ट्या आणि नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी. म्हणून एका नळीतला दट्ट्या दुसऱ्या नळीत कधी घालायचा नाही, ती जोडी मरेपर्यंत जोडीच. दट्ट्या दर वेळी सारखाच वर जातो, पण त्याच्या अंगावर तिरपी खाच कोरलेली असते. दट्ट्या जरा फिरवला की ती खाच लवकर किंवा उशिरा छिद्रासमोर येते आणि तेल कमी किंवा जास्त जातं. सगळे दट्टे एकदम फिरवणारी दातेरी पट्टी म्हणजे रॅक. ड्रायव्हर पाय दाबतो तेव्हा शेवटी ही पट्टी सरकते.

पूर्ण ओझ्याला एका वेळी एका सिलिंडरमध्ये जाणारं डिझेल दोन-तीन तांदळाच्या दाण्यांएवढं असतं. इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला वीस वेळा हे दाणे पोचायला हवेत, सहाही सिलिंडरना सारखे, आणि बरोबर वेळेला. एकाला जास्त गेले, दुसऱ्याला कमी, की इंजिन थरथरतं, धूर सोडतं आणि शेवटी पिस्टन जळतो.

म्हणून पंप आधी टेस्ट बेंचवर चढवतात. मोटर त्याला ठरावीक वेगाने फिरवते, सहा नळ्यांखाली काचेच्या सहा मापनळ्या. ठरावीक ठोके झाले की तेल थांबवायचं आणि सहा नळ्यांतली पातळी पाहायची. जी कमी-जास्त असेल तिच्या दट्ट्याची पकड सैल करायची, केसभर फिरवायची, पुन्हा आवळायची, पुन्हा चालवायचं. वीस-पंचवीस वेळा. त्याआधी फेजिंग पाहायचं, म्हणजे सहा दट्टे एकामागून एक बरोबर साठ-साठ अंशांवर तेल सोडतात ना. मग गव्हर्नर. त्या जमान्यातल्या बऱ्याच पंपांवर गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालणारा, आत चामड्याचा पडदा. पडदा वाळून फाटला की इंजिन बेफाम धावू लागायचं. जर्मन यंत्रातला हा चामड्याचा तुकडा तेल लावून मऊ ठेवावा लागे.

बेंचवरून उतरलेला पंप इंजिनावर बसवताना टायमिंग धरायचं. पहिल्या नळीचा झडप-तुकडा काढायचा, तिथे हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावायची आणि डिझेलची धार सोडायची. एकाने फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने धारेवर नजर ठेवायची. धार बारीक होते, थेंब पडू लागतात, आणि एका जागी थेंब अडतो. तिथे फ्लायव्हीलवरची खूण काट्यासमोर आली पाहिजे. शागीर्दाला उस्ताद सहा-सहा महिने फक्त हा थेंब बघायला बसवत.

आमच्या मोहल्ल्यात असे एक उस्ताद होते. त्यांचं नाव मुद्दाम देत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. चौथीपर्यंत उर्दू शाळा, मग गॅरेज, मग एका शहरात पंपरूममध्ये दहा वर्षं शागीर्दी. इंग्रजी त्यांना येत नव्हती. कंपनीचे तक्ते, कुठल्या पंपाला किती फेऱ्यांवर किती सीसी तेल, सगळे इंग्रजीत. ते कोणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि आपल्या वहीत उर्दूत उतरवायचे. त्यांच्या इंतकालनंतर मुलाने ती वही माझ्याकडे आणून दिली. म्हणाला, “सर, यह आपही पढ़ सकोगे.”

भाषेचा शिक्षक म्हणून या वहीवर मी एक आख्खा उन्हाळा घालवला. आत ‘पुर्जा’, ‘रफ्तार’ हे फारसी. ‘रॅक’, ‘एलिमेंट’, ‘नोझल’ हे इंग्रजी, उर्दू अक्षरांत. ‘खाच’ आणि ‘फट’ हे आपले मराठी शब्द, तेही उर्दू अक्षरांत. आणि ज्या ‘मिस्त्री’ शब्दाने सगळं गाव त्यांना हाक मारायचं, तो पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला. सर्वांत मला थांबवलं ते फायरिंग ऑर्डरने. सहा सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तो क्रम 1-5-3-6-2-4. उस्तादांनी तो उर्दूच्या सवयीने उजवीकडून डावीकडे लिहिला होता. मराठी शाळेत शिकलेला शागीर्द तो डावीकडून वाचेल तर 4-2-6-3-5-1 होतं, म्हणजे नळ्या उलट्या लागणार. त्यांनाही हे ध्यानात आलेलं दिसतं, कारण पुढच्या पानांवर प्रत्येक वेळी 1 च्या डोक्यावर छोटा बाण काढलाय. ज्यांच्या हाताखाली मराठी, उर्दू आणि हिंदी वाचणारी पोरं एकत्र होती, अशा माणसाने केलेली ही सोय. या एका बाणासाठी मला ती वही अल-जझरीच्या जातीची वाटते.

धुराचं एक वेगळं पान आहे. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे तेल न जळता चाललंय, टायमिंग मागे आहे. निळा असेल तर पंपाला हात लावू नये, इंजिन ऑइल खातंय, गिऱ्हाइकाला इंजिनवाल्याकडे पाठवावं. हे शेवटचं वाक्य लिहायला प्रामाणिकपणा लागतो. पंप उघडला की पैसे मिळतात, न उघडता परत पाठवलं की फक्त दुवा.

या धंद्यातला मोठा पेच होता ‘पंप वाढवून द्या’ हा. नऊ टनांच्या गाडीत मालक बारा-तेरा टन भरायचा. कसारा घाटात गाडी दम टाकायची. मग ड्रायव्हर पंपवाल्याकडे. पूर्ण ओझ्याच्या तेलावर मर्यादा घालणारा एक स्क्रू असतो, त्याला तार आणि शिशाचं सील. सील तोडून तो स्क्रू अर्धा फेरा फिरवला की गाडी ओढते, काळा धूर सोडते, डिझेल पिते, आणि वर्षभरात इंजिन काम काढते. दोष येतो पंपवाल्यावर. 1989 च्या मोटार वाहन नियमांनी धुराला मोजमापाची मर्यादा घातल्यावर तर पकडला जायचा ड्रायव्हर, शिव्या खायचा मिस्त्री, आणि जादा टन भरणाऱ्याचा कुठे उल्लेख नाही. रस्त्यावरच्या काळ्या धुराचा इतिहास लिहायचा तर तो मालधक्क्याच्या काट्यापासून लिहावा लागेल.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात, मुसलमान कामगार कोणकोणत्या कामांत आहेत त्या यादीत, वाहतूक आणि गाड्यांची दुरुस्ती ही नावं आहेत. आपल्या लेखांत, सभांत हा उल्लेख नेहमी मागासलेपणाचा पुरावा म्हणून येतो. पक्क्या नोकऱ्या नाहीत, म्हणून पोरं गॅरेजात, हे खरंच आहे, मी वर्गातून गळणारी मुलं रोज मोजतो. पण त्या गॅरेजात मायक्रॉनची फट हाताच्या बोटाने ओळखणारं ज्ञान होतं, हे त्या वाक्यात मावत नाही. आपला इतिहास आपण एक तर बादशहांचा सांगतो, नाहीतर गरिबीचा. मधली ही माणसं दोन्हीत नाहीत. आणि मराठीतल्या उद्योगाच्या इतिहासात कारखाना येतो, कारखानदार येतो, रस्त्याच्या कडेची पंपरूम येत नाही.

2017 च्या 1 एप्रिलपासून देशभर बीएस-4 आणि 2020 च्या 1 एप्रिलपासून बीएस-6 लागू झालं. नव्या ट्रकमध्ये तेल किती आणि कधी सोडायचं हे संगणक ठरवतो. सगळ्या सिलिंडरसाठी एकच उच्च दाबाची नळी, त्यावर विजेने उघडणारे इंजेक्टर. धूर पुष्कळ कमी झाला, आमच्या रोडच्या कडेच्या घरांतल्या खोकल्यांना त्याचा फायदाच आहे, याबद्दल मला रडगाणं गायचं नाही. दुरुस्तीला मात्र आता लॅपटॉप लागतो आणि कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. तिरप्या खाचेचे पंप अजून येतात ते जुन्या ट्रॅक्टरचे, बोअरच्या गाड्यांवरच्या कॉम्प्रेसरचे आणि जनरेटरचे.

उस्तादांच्या मुलाने बेंच विकलेला नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वहीची बावन्न पानं देवनागरीत उतरवून त्याला दिली, आकडे मराठी वाचणाऱ्याला सरळ वाचता येतील असे. उतरवताना फायरिंग ऑर्डरवरचे बाण मी गाळले होते, आता गरज नाही म्हणून. त्याने ती पानं चाळली, खिशातलं पेन काढलं आणि प्रत्येक 1 वर पुन्हा बाण काढत बसला.