पेव, पावती आणि अ‍ॅरे

माधवनगरात जावा शिकणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात. चाळीस जणांच्या गुणांसाठी 'गुण' हे नाव जाहीर केले, मग पहिला आकडा भरताच संगणक चूक का दाखवतो?

याचे उत्तर जवळच्या हरिपुरात सापडते. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. पेवाची पावती छापणे वेगळे आणि पेव खणणे वेगळे. जावात 'इंट', चौकोनी कंस आणि नाव लिहिले की फक्त कोरी पावती तयार होते. पेव खणले जाते ते 'न्यू' या शब्दाने, आणि तेव्हाच कप्पे किती ते सांगावे लागते.

ही विभागणी एका दिवसात झालेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती २०४८ शब्दांची होती. आज्ञा आणि आकडे, दोन्ही त्यातच बसवायचे! यंत्रभाषेत रांग कोणत्या पत्त्यावर सुरू होऊन कुठे संपते, हे लिहिणाऱ्यानेच मोजायचे. मोजणी चुकली तर आकडे आज्ञांवरच चढत.

जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये आणलेल्या फोरट्रानने हे ओझे कमी केले. 'डायमेन्शन' लिहून नाव आणि आकार सांगितला की जागा भाषांतरक शोधी. मात्र आकार आधीच ठरलेला हवा. वर्गात मुले किती, हे नंतर कळून उपयोग नाही.

डेनिस रिची यांच्या सी भाषेत (१९७२) क्रमांक शून्यापासून सुरू झाले. क्रमांक म्हणजे रांगेच्या आरंभापासूनचे अंतर. पहिला कप्पा शून्य अंतरावर. हजेरीपटाची सवय असलेल्या आपल्याला हे खटकते, पण हिशेब सरळ आहे. खरी अडचण वेगळीच होती. चाळीस कप्प्यांच्या रांगेत पन्नासावा मागितला, तरी सी हटकत नसे.

जेम्स गॉसलिंग यांची जावा १९९५ मध्ये जाहीर झाली. तिच्यात अ‍ॅरे ही स्वतंत्र वस्तू झाली. तिला स्वतःची लांबी माहीत असते, आकडेवारीचे कप्पे आरंभी शून्याने भरलेले असतात आणि हद्द ओलांडली की ती जागच्या जागी अडवते. आकार कार्यक्रम चालू असताना ठरवता येतो; एकदा ठरला की बदलत नाही.

आता मुलांना पुढचे कोडे घाला. 'गुण'ची नक्कल म्हणून 'प्रत' हे नाव बरोबरच्या चिन्हाने जोडा, 'प्रत'चा एक आकडा बदला आणि 'गुण' छापून पाहा. तिथलाही आकडा बदललेला असेल. पावत्या दोन, पेव एकच.