वाढदिवसाची भेट व दोन वर्षांचे मूल : तिसगाव परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

१

इतिहासाच्या अभ्यासात राजे, लढाया, वतने व महसूल यांना जे स्थान मिळाले ते मुलांच्या खेळण्यांना मिळाले नाही, हे स्वाभाविक असले तरी इष्ट नव्हे. खेळणे मोडते, हरवते, चुलीत जाते. त्याची नोंद दप्तरात होत नाही. परंतु एखादा समाज आपल्या लहानग्याच्या हाती काय देतो, केव्हा देतो आणि ते देण्याचा अधिकार कोणाचा मानतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या समाजाची आप्तव्यवस्था, त्याची कालगणना आणि त्याची भीती ही तिन्ही उमटलेली असतात.

प्रस्तुत लेखात दोन वर्षांच्या मुलाला वाढदिवसानिमित्त दिली जाणारी भेट हा विषय घेतला आहे. हे वय मुद्दाम निवडले आहे. या वयाचे मूल चालू लागलेले, मोडके बोलू लागलेले, परंतु आपल्याला काय हवे ते सांगण्याइतके मोठे झालेले नसते. त्यामुळे त्याच्यासाठी केलेली निवड ही सर्वस्वी वडीलधाऱ्यांची असते आणि तीत वडीलधाऱ्यांचाच इतिहास वाचता येतो.

विचारासाठी प्रदेश घेतला आहे तो तिसगावचा. तिसगाव हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील, नगरहून पाथर्डीस जाणाऱ्या रस्त्यावरील बाजाराचे गाव. कानिफनाथांच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेली मढी येथून जवळच आहे. प्रदेश पर्जन्यछायेतील, पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. अशा ठिकाणी ‘मुलासाठी वाढदिवसाची भेट निवडणे’ या साध्या क्रियेतील कोणता भाग जुना व कोणता नवा, हे पाहण्याचा येथे यत्न आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, यातील वाढदिवस जुना आहे, भेटही जुनी आहे. त्या दोहोंची सांगड आणि ‘निवड’ ही मात्र नवी आहे.

२

प्रथम खेळणे म्हणजे काय, हे ठरविले पाहिजे. चाके असलेली लहान आकृती दिसली की तिला खेळणे म्हणण्याकडे आपला कल असतो. याच जिल्ह्यातील एक उदाहरण या बाबतीत सावधगिरी शिकविते. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली चार धातुशिल्पे सापडली : बैलजोडी जुंपलेला रथ व त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर-हडप्पा काळातील मानली, तर धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून डी. पी. अगरवाल यांनी त्या प्राचीनत्वाविषयी शंका घेतली. काळ कोणताही मानला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. या चार वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. आकार गाड्याचा असला तरी ज्या वस्तूला मूल हलवू शकत नाही ती मुलाची नव्हे. ती मिरवणुकीची वा पूजेची असू शकेल. यावरून एक कसोटी हाती येते. आकृतीवरून खेळणे ओळखू नये, मुलाच्या हाताच्या मापावरून ओळखावे.

याच जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मृत बालकांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत असत. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती व तिच्या दोऱ्याचे अवशेषही टिकून राहिले होते. हे मणी खेळणे नव्हे, लेणे होय. तथापि लहान मुलाला दिलेल्या वस्तूचा या प्रदेशातील हा अतिप्राचीन पुरावा आहे आणि तो आनंदाच्या प्रसंगाचा नसून वियोगाचा आहे, हे विसरता येत नाही.

वाङ्मयात खेळण्याचे सामाजिक रूप सर्वांत स्पष्टपणे दिसते ते शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला आहे. आता त्याला दासीने करून दिलेली मातीची गाडी नको आहे. वसंतसेना आपले अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. पुढे न्यायसभेत हेच अलंकार चारुदत्तावरील आरोपाला बळकटी आणतात. खेळण्याची तुलना शेजाऱ्याच्या घराशी होणे आणि त्या तुलनेचा भार वडिलांवर येणे, ही गोष्ट आजच्या बाजारपेठेने निर्माण केलेली नाही, हे या नाटकावरून सिद्ध होते.

३

आता वाढदिवसाकडे वळू. वाढदिवस ही पाश्चात्त्यांकडून घेतलेली चाल आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धसत्य होय. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी १७९०-९१ च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधू’त वर्धापनाचा विधी सांगितला आहे. पहिले वर्ष पुरे होईतो दर महिन्यास व त्यानंतर दर वर्षी जन्मतिथीस तो करावयाचा असतो. कुलदेवता, मार्कंडेय, अश्वत्थामादी चिरंजीव व षष्ठी यांचे पूजन करावे, तीळ व गूळ घातलेले दूध प्यावे, त्या दिवशी केस व नखे कापू नयेत, प्रवास व कलह टाळावा, असा त्याचा आशय आहे.

या विधीचा सारा रोख आयुष्य वाढावे याकडे आहे. पूजा चिरंजीवांची, दूध आयुष्यवृद्धीचे, निषेध अपायाचे. मुलाला रिझविणे हा त्याचा हेतूच नाही. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे सुमारे २०० मुले पहिल्या वर्षातच दगावत. ज्या घरात आधीची मुले गेली त्या घरात पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू वा केरू ठेवून दैवाची दृष्ट चुकविली जाई. अशा काळात दोन वर्षे पुरी होणे हीच मुलाने घराला दिलेली भेट होती. औक्षण करताना ओवाळणारी बाई काही मागत असे तर ते मुलाचे आयुष्यच.

अर्थात हा शास्त्रोक्त विधी सर्व जातींच्या घरी होत असे, असे समजणे चुकीचे ठरेल. बहुजन समाजात त्याची जागा सटवाईची पूजा, जावळ, नवस फेडणे या कृत्यांनी घेतली होती. परंतु त्यांचाही अर्थ तोच : मूल वाचले, ते वाचावे.

४

मग मुलाच्या हाती वस्तू येई ती केव्हा? ती जन्मदिवशी येत नसे, सणाच्या दिवशी येई. मराठी वर्षाचा क्रम लावला तर लहान मुलाच्या वाट्याचे दिवस त्यात ठायी ठायी दिसतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण : हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे ओतावयाचे व भोवती जमलेल्या मुलांनी ते लुटावयाचे. पाडव्याला साखरेची गाठी. पोळ्याला कुंभाराकडची मातीची बैलजोडी. नागपूरकडे तर तान्ह्या पोळ्याला चाके लावलेला लाकडी नंदी मुले ओढीत नेतात. बारशाला व जावळाला आजोळहून अंगडे-टोपडे, कुंची, वाळे, करगोटा. मूल उभे राहू लागले की सुताराकडून तीन चाकांचा पांगुळगाडा.

तिसगावच्या पंचक्रोशीत या क्रमात मढीच्या यात्रेची भर पडते. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणाऱ्या आणि रंगपंचमीस ऐन भरास येणाऱ्या या यात्रेला भटक्या जमातींचा मोठा मेळा जमतो; गाढवांचा बाजार हे तिचे ख्यात वैशिष्ट्य. यात्रेहून परतणाऱ्याने घरच्या लेकरासाठी प्रसादाची रेवडी आणि एखादी पिपाणी वा भिरभिरे आणावयाचे, ही महाराष्ट्रातील यात्रांची सर्वसाधारण रीत येथेही लागू आहे.

या वस्तूंचे वर्गीकरण केले तर त्या तीन प्रकारांत बसतात : खाण्याच्या, लेण्याच्या आणि ओढण्या-वाजविण्याच्या. दोन वर्षांचे मूल जे हाती येईल ते तोंडात घालते, अंगावरचे ओढते आणि चालताना काही तरी मागे ओढून नेते. या तिन्ही प्रवृत्तींना परंपरेने वस्तू पुरविल्या होत्या. दुसरे असे की, देणारा ठरलेला असे. टोपडे आजोळचे, जावळाला मांडी मामाची, पांगुळगाडा बलुतेदार सुताराचा, बैल कुंभाराचे. काय द्यावे हा प्रश्न कोणाला पडत नसे, कारण नाते आणि तिथी यांनीच त्याचे उत्तर देऊन ठेवलेले असे. तिसरे व महत्त्वाचे म्हणजे, बोरन्हाणात मूल मध्यभागी असले तरी खाऊ लुटतात ती इतर मुले.

या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे मात्र इतिहासाशी प्रतारणा होईल. सोन्याच्या बिंदल्या व काळा दोरा यांतील अंतर जन्मापासून दिसत असे. मुलीच्या हाती भातुकली आणि मुलाच्या हाती बैल देऊन श्रमविभागणीचा धडा लवकरच सुरू होई. बोरन्हाणाला कोणाच्या अंगणात कोणाचे मूल येऊ शके, यालाही गावकुसाची मर्यादा होती.

५

भेट सणाकडून जन्मदिवसाकडे सरकली, त्यास अनेक कारणे घडली. पहिले कारण तारखेचे. शिवजयंतीसंबंधीचा तिथी व तारीख यांचा वाद ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना कालगणनेचा हा बदल किती खोलवर गेला हे सांगावयास नको. खेड्यात मूल ‘दुष्काळाच्या साली’, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ जन्मलेले असे. त्याला इंग्रजी तारीख मिळे ती शाळेत. प्रवेशासाठी वय जुळावे म्हणून गुरुजी सोयीने १ जून ही तारीख टाकीत; परिणामी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कागदोपत्री १ जूनला जन्मलेल्यांची संख्या आश्चर्य वाटावे इतकी मोठी आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर आणि प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्यानंतर प्रत्येक मुलाला स्वतःची खरी तारीख मिळाली. आज नातवाच्या वाढदिवसाला भेट घेऊन येणाऱ्या कित्येक आजोबांचा स्वतःचा जन्मदिवस गुरुजींनी दिलेला आहे. दोन पिढ्यांमधील हे अंतर कोणत्याही दप्तराहून बोलके आहे.

दुसरे कारण असे की, बालमृत्यू घटले आणि भीतीची जागा कौतुकाने घेतली. तिसरे कारण बाजाराचे. दोन महायुद्धांमधील काळात जपानी सेल्युलॉइडच्या बाहुल्या व पत्र्याची खेळणी आली, पुढे प्लास्टिक आले. सुतार व कुंभार यांचे बलुते मोडले. सावंतवाडीच्या चितारआळीतील पांगाऱ्याच्या लाकडाची रंगीत खेळणी व फळे यांना हळूहळू शोभेच्या वस्तूचे रूप आले.

आता नात्याने न ठरलेली व तिथीने न बांधलेली भेट दुकानातून निवडावी लागते. निवडीबरोबर चिंता आली. मुलाला काय मानवेल, शेजाऱ्याने काय दिले, किती किमतीचे द्यावे, हे सारे प्रश्न रोहसेनाच्या पित्याप्रमाणे आता प्रत्येक पित्यास पडतात.

६

निवड कशी करावी याचा शास्त्रीय विचार महाराष्ट्रात बालशिक्षणाच्या चळवळीने केला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, खडे, शिंपले, पाने व माती यांतून खेळसाहित्य उभे केले. गरीब आदिवासी वस्तीत केलेल्या या कार्याचे मर्म असे की, खेळण्याचे मूल्य त्याच्या किमतीत नसून मुलाला त्याचे काय काय करता येते यात आहे.

शासनाने या विषयात लक्ष घातले ते अलीकडे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह असणे बंधनकारक झाले. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातून गिळता येईल असा लहान सुटा भाग निघू नये, ही त्या मानकातील एक मुख्य अट आहे. म्हणजे तोंडात घालण्याची जी प्रवृत्ती परंपरेने साखरेच्या गाठीने भागविली, तिचाच विचार आता प्रयोगशाळेत होतो. मात्र बिया व खडे दोन वर्षांच्या मुलाच्या हाती एकट्याने देऊ नयेत, हा विवेक कोसबाडचे अनुकरण करणाऱ्यानेही बाळगला पाहिजे. तेथे मुलांजवळ शिक्षिका बसलेली असे.

या संदर्भात तिसगाव परिसरातील ऊसतोडणी कामगारांच्या मुलाचा विचार केल्याविना विषय पुरा होत नाही. दिवाळीच्या सुमारास निघालेले कुटुंब मढीच्या यात्रेच्या आगेमागे परतते. मधल्या महिन्यांत ज्या मुलाला दुसरे वर्ष लागते वा संपते, त्याचा वाढदिवस फडात येतो. त्याच्या हाती उसाचे कांडे असते, झोपावयास झोळी असते; आई-बापांचा दिवस मात्र कोयता घेऊन उजाडण्यापूर्वीच सुरू झालेला असतो. या मुलाच्या बाबतीत कोणते खेळणे द्यावे हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्याच्याजवळ बसून खेळणारे माणूस कोठून आणावे, हा प्रश्न पहिला आहे.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. वाढदिवस आपल्याकडे होता, पण तो आयुष्याची प्रार्थना म्हणून. खेळणी होती, पण ती सणाची व यात्रेची म्हणून. दोहोंची गाठ तारीख, आरोग्य व बाजार यांनी मिळून घातली. जुनी व्यवस्था परत आणणे शक्य नाही आणि तिच्यातील विषमता पाहता ते इष्टही नाही. परंतु तिने मागे ठेवलेल्या तीन कसोट्या आजही निरुपयोगी झालेल्या नाहीत : वस्तू मुलाच्या हाताच्या मापाची आहे काय, ती तोंडात गेली तर अपाय होईल काय, आणि तिच्यामुळे मुलाभोवती दुसरी माणसे व मुले जमतील काय.

यांपैकी पहिल्या दोहोंचे उत्तर आता मानक चिन्ह देऊ शकते. तिसऱ्याचे उत्तर दुकानात मिळत नाही. बोरन्हाणाच्या पाटावरील मुलाला बोरांचे महत्त्व कळत नसे. आपल्याभोवती सगळे हसत आहेत, एवढे मात्र त्याला निश्चित कळे. दोन वर्षांच्या मुलाला दिलेल्या भेटीचा विचार इतिहासकाराने करावा वा पालकाने करावा, आरंभ या जाणिवेपासूनच झाला पाहिजे.