नाकाच्या मापाने मोजलेली माणसे

१९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदी माणसाचा वंश त्याच्या नाकावर शोधला. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे. आकडा ७० च्या आत असेल तर नाक धारदार, ८५ च्या पुढे गेला तर बसके. जात जितकी वरची तितके तिचे नाक अरुंद, असे त्यांचे म्हणणे. चातुर्वर्ण्याला पोथीचा आधार होताच; आता मोजपट्टीचाही मिळाला. मराठी मुलखाला मात्र त्यांनी ‘शक-द्राविड’ ठरवले आणि ब्राह्मण व कुणबी एकाच वंशाच्या खान्यात बसवले. आर्यत्व मिरवणाऱ्यांना हे कितपत रुचले, ते त्यांचे तेच जाणोत!

हा खेळ निव्वळ पंडितांचा नव्हता. ‘लढवय्या वंश’ या कल्पनेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली, म्हणजे आमच्या पणज्यांच्या तोंडचा घास गेला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. त्यांच्या मंडळीच्या नावात ‘अनार्य’ हा शब्द. अर्जात मात्र महार मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा. यात कुणाला गोंधळ दिसेल. मला पेन्शनीत निघालेल्या सैनिकाचे शहाणपण दिसते. सरकार वंश पाहून भाकर देत असेल तर वंशाच्याच भाषेत बोलावे लागते.

माझ्या वर्गातली मुले विचारतात, ‘सर, आपण मूळचे कोण? द्राविड की नाग?’ घरात पहिलाच पदवीधर झालेल्या मलाही हा प्रश्न फार छळी. मी त्यांना बाबासाहेबांच्या १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’कडे नेतो. घुर्ये यांनी १९३२ साली रिस्ले यांचीच मापे पुन्हा तपासली, तेव्हा संयुक्त प्रांताबाहेर जातीची उतरंड आणि नाकाची उतरंड जुळेना. बाबासाहेबांनी अशाच मापांवर बोट ठेवून प्रतिपक्षाला पेचात पकडले: ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्राविड असतील तर अस्पृश्यही द्राविड. अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी रक्तात नव्हे, बौद्धांविषयीच्या द्वेषात आणि गोमांसाच्या प्रश्नात शोधले.

मग ‘मूलनिवासी’ म्हणणे चूक काय? १९३१ च्या खानेसुमारीत पंजाबातल्या चार लाखांहून अधिक माणसांनी स्वतःची नोंद ‘आदिधर्मी’ अशी करवून घेतली. आपण या भूमीचे आद्य रहिवासी, असे मंगूराम यांची ही १९२६ ची चळवळ सांगे. तिथे कोणी नाके मोजली नव्हती. साहेबाने दिलेली ओळख वेगळी आणि साहेबाला लिहायला लावलेली वेगळी. दुसरी मला मान्य आहे, तिला रक्ताचा दाखला जोडला जात नाही तोवर.

पुढील जनगणनेत जातवार नोंद होईल, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. गणक दारात येईल तेव्हा वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी शेजारी उभे राहावे आणि आपल्या रकान्यात काय लिहिले ते वाचून घ्यावे.